धाकटीचं मत

मला राग लवकर येतो, हे पोलादपुरातल्या जुन्या माणसांना अजून ठाऊक आहे. शाळेत मी पोरींना कधी पट्टी मारली नाही, पण त्यांना मधेच शाळेतून काढणाऱ्या बापांना मात्र भर रस्त्यात उभं करून बोलले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कोणाला काय बोलले याचं कोणी नवल करू नये. नावं मात्र कोणाचीच लिहिणार नाही. खोताची नातवंडं आता वाटेत भेटली की वाकून नमस्कार करतात, त्यांचा काय दोष?

माझं सासर कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीत. लग्न होऊन संसाराला नीट सुरुवातही झाली नव्हती, तोच नवरा लामावर गेला. पहिल्या महायुद्धाला आमच्याकडे लाम म्हणत, आणि महाडच्या खोऱ्यातली कितीतरी घरं त्या लामानं रिकामी केली. माझा माणूस बसऱ्याला गेला तो तिकडचाच झाला. सरकारनं मला पेन्शन लावली. सासरे मोठ्या मनाचे होते. त्यांनी भावकीला न जुमानता मला पुण्याला शिकायला धाडलं, आणि मी मास्तरीण होऊन पोलादपूरच्या शाळेत आले. सासरे पुढे वारले. वाडीत सासू होती आणि धाकटी जाऊ होती. जावेचा नवरा, म्हणजे माझा दीर, मुंबईला गिरणीत होता.

या जावेवर माझा जीव होता. बावीस-तेवीस वर्षांची पोर, अंगानं काटक, कामाला वाघीण, आणि बोलायची वेळ आली की पदराचं टोक दातात धरून उभी. मला तिचं ते पदर चावणं अजिबात खपत नसे.

नव्या कायद्यानं निवडणुका आल्या तेव्हाची ही गोष्ट. ज्याच्या वहिवाटीला ठरावीक शेतसाऱ्याची जमीन त्याला मत, आणि या वेळी त्याच्या बायकोलाही मत. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला काहीच नाही. या दुसऱ्या गोष्टीवरही मी पुष्कळ ठिकाणी भांडले, पण ते इथे नको. आमच्या वाडीत जमिनी कसणारे पुरुष होते कुठे? सगळे मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. शिमग्याला बोटीनं दासगावपर्यंत यायचे आणि तिथून डोक्यावर ट्रंक घेऊन चालत. मत द्यायला म्हणून कोण रजा देणार? तेव्हा वाडीतली मतं उरली ती बायकांची. ही गोष्ट खोताच्या माझ्याआधी ध्यानात आली होती.

खोताचा भाचा निवडणुकीला उभा होता. त्याच्यासमोर महाडचे एक वकील होते, ते म्हणत की वेठ बंद झाली पाहिजे आणि खोतीही गेली पाहिजे. आमच्या बायका खोताच्या अंगणात फुकट सारवण घालून आलेल्या, त्याच्या शेताच्या बांधांवर माती वाहिलेल्या. त्यांची मतं कुठे पडतील हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी वाडीवर गेले तर साऱ्या जणी एकमुखानं म्हणाल्या, आम्ही नाही येत. विचारलं तर जी ती उठून कामाला लागली. शेवटी सासूनं सांगितलं. दोन दिवसांपूर्वी खोताचा कारभारी येऊन गेला होता. दम दिला नाही, शिवी दिली नाही. ओट्यावर बसला, पाणी मागून प्याला, आणि गोड आवाजात म्हणाला, "बायांनो, सरकारनं मत दिलंय तर जरूर जा. फक्त तिथं साहेब विचारतो, नवऱ्याचं नाव काय. भर पुरुषांत मोठ्यानं सांगावं लागतं. जमत असंल तर जा."

बस, एवढंच बोलून तो निघून गेला. यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर माझं डोकं फिरलं. तलाठी यादी करायला आला तेव्हा वाडीतल्या एकीनंही त्याला आपलं नाव सांगितलं नव्हतं. परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं? सासवांनी दारातून उत्तरं दिली, "ती होय, ती आमची थोरली. ही धाकटी." मग त्यानं काय लिहावं? प्रत्येकीपुढे अमक्याची बायको, तमक्याची बायको असं लिहून तो मोकळा झाला. आता ओळख पटवायची तर नवऱ्याचं नाव घेण्यावाचून दुसरी वाट नव्हती. आणि बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं होतं. कारभाऱ्यानं आमच्याच घरातली कडी बाहेरून लावली होती.

जाऊ रानात राबासाठी कवळ तोडत होती. भाताचं रोप करायची जागा आधी भाजून घ्यावी लागते, त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडून सुकवायच्या, हे आमचं माघातलं काम. मी तिथेच गेले. तोडलेल्या फांद्या ओढता ओढता म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर यायचं."

"राब कोण करील?"

"परवा कर."

"आत्याबाई वरडतील."

"त्यांना मी बघते."

"खोत जमीन काढून घेईल."

"कोणी कोणाला मत दिलं ते कळत नाही. आणि खोत तसाही कधी काढून घेईल सांगता येत नाही. मग भ्यायचं तरी किती वर्षं?"

तिनं कोयता खाली ठेवला नाही. फांदीवर घाव घालत म्हणाली, "आक्का, मला नको गो. माझ्या एका मतानं काय व्हायाचंय?"

माझा ताबा सुटला. म्हटलं, एका मतानं काही होत नाही तर कारभारी तीन कोसांचा चढ चढून तुझ्या ओट्यावर पाणी प्यायला आला होता काय? त्याला तुझ्या मताची किंमत कळते आणि तुला कळत नाही? मी तिला महाडची आठवण दिली. दहा वर्षंही झाली नव्हती, तिथे माणसांनी तळ्याचं पाणी हक्कानं ओंजळीत घेतलं आणि त्यापायी डोकी फोडून घेतली. घरी आले ते रक्तानं माखून, पण पाणी पिऊन आले. आपल्याला तर कोणी मारायलाही उठलेलं नाही. एक नाव तेवढं घ्यायचंय.

तेव्हा ती थांबली. पदर दातात गेला नाही. माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "तुला बोलाया काय जातंय? तुझा गेलेला हाय. माझा जिता हाय."

तिला वाईट बोलायचं नव्हतं हे मला कळत होतं. मागच्या शिमग्याला दीर आला तो खोकत आला होता. गिरणीतल्या कापसाची धूळ छातीत बसली होती, रात्रभर त्याला झोप नसे, आणि ही उशाशी बसून त्याची पाठ चोळत असे. तिच्या मनात ती एकच भीती होती. मला वाटलं होतं तिला लाज वाटते. लाज नव्हतीच ती.

मग मी बोलले ते रागानं नव्हे. म्हटलं, "ऐक. मी त्याचं नाव कधी घेतलं नाही. त्याच्या नावाचं अक्षर ज्या शब्दात येतं तो शब्दही मी फिरवून बोलत असे. तो लामावर निघाला तेव्हा साऱ्या वाडीनं हाका मारल्या, आईनं मारली, बहिणींनी मारली, मी मारली नाही. त्याला जपलं. सगळ्या बायकांपेक्षा जास्त जपलं. तरी गेला. आता सांग, नाव न घेतल्यानं कोण वाचतं?"

कोयता चालू राहिला. संध्याकाळी तिनं भाकरीवर सुकटीची चटणी वाढली, आणि मी दुसऱ्यांदा विषय काढला नाही.

सकाळी मी निघाले तर ती अंगणात तयार उभी. "येते," म्हणाली, "पण नाव घेईन असं सांगत नाय." ती निघालेली बघून आणखी चार-पाच जणी निघाल्या. सासू दारात उभी राहून बोटं मोडत होती. मी तिला म्हटलं, "आत्याबाई, तुमचंही मत असतं तर तुम्हांलाही पाठीवर घेऊन गेले असते." ती घरात गेली.

मतदान माझ्याच शाळेत होतं, माझ्याच वर्गात. माझ्या खुर्चीवर अलिबागहून आलेला एक पोरगेला साहेब बसला होता आणि त्याच्या बाजूला बाकावर खोताचा कारभारी, उमेदवाराच्या वतीनं ओळख पटवायला. शिकलेल्या बाईला जमीन नसली तरी मत होतं, म्हणून मी यादीत मास्तरीण म्हणून स्वतःच्या नावानं होते. नाव सांगितलं, मत टाकलं, आणि दाराशी उभी राहिले. शिपाई म्हणाला बाहेर व्हा. म्हटलं, हा माझा वर्ग आहे, इथे कोण कुठे उभं राहणार ते मी ठरवते. तो बिचारा बाजूला झाला.

जाऊ पुढे झाली. कारभारी लगेच उठला. "साहेब, ही तीच बाई कशावरून? माझी हरकत हाय."

हा माणूस तीनच दिवसांमागे हिच्याच हातचं पाणी प्याला होता. मी ते बोलून दाखवलं. साहेब म्हणाला, "नवऱ्याचं नाव सांगा बाई, म्हणजे झालं."

तिनं पदराचं टोक दातात धरलं. मी म्हटलं, "माझा दीर आहे, मी सांगते."

"तुम्ही नाही. त्यांनी सांगायचं."

मागे रांगेत आमच्या बायका, त्यांच्या मागे बाजारपेठेतले पुरुष. कोणीतरी खोकलं. साहेब तरुण होता, त्याला यात गंमत वाटू लागली. हसत म्हणाला, "अहो, एवढं काय त्यात? उखाण्यात घ्या. हळदीकुंकवाला घेताच की." पुरुष हसले. कारभारी सगळ्यांत जास्त हसला आणि म्हणाला, "हां, घ्या घ्या. आमीपण ऐकतो."

मी पुढे होणार होते. होऊन काय करणार होते ते मला माहीत नाही, पण काहीतरी झालं असतं. त्याआधी तिनं मान वर केली. तिचे कान लाल झाले होते.

"उखाणा लग्नात घेत्यात," ती म्हणाली. "मी हितं तुमची करमणूक कराया नाय आले. मत द्याया आलेय."

आणि तिनं नाव घेतलं. त्याचं, त्याच्या बापाचं, मग आडनाव. पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात, एका दमात. मग साहेबाच्या टेबलावर बोट ठेवून म्हणाली, "लिवा."

हसणं थांबलं. साहेबानं मान खाली घालून यादीत खूण केली. कारभारी बाकावर बसला.

मत टाकून ती बाहेर आली. आवारातल्या चिंचेखाली ती मटकन बसली आणि रडू लागली. मी पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकला. "त्याला काय झालं तर आक्का, मी तुला सोडायची नाय."

"नको सोडूस," मी म्हटलं. भीती मलाही वाटत होती. शिकलेली असले म्हणून काय झालं?

त्याला काही झालं नाही, हे आत्ताच सांगते. तो शिमग्याला आला, खोकतच आला, पण आला, आणि पुढे गिरणी सोडून नातवंडं अंगाखांद्यावर खेळवून मग गेला. त्या निवडणुकीत खोताचा भाचा पडला. आमच्याच मतांनी पडला असं मी म्हणणार नाही, तसा हिशेब कोणाजवळ नाही. पण त्यानंतर कारभारी वाडीत आला की पाणी मागायचा नाही.

त्या दिवशी मात्र आम्हांला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही चिंचेखाली बसून होतो आणि वर्गाच्या खिडकीतून आवाज येऊ लागले. कारभारी प्रत्येकीवर हरकत घेत होता आणि प्रत्येक बाई नाव घेत होती. एक इतकी हळू बोलली की साहेबानं दोनदा विचारलं. एकीनं भिंतीकडे तोंड करून घेतलं असावं. एक तर अशी ओरडली की रस्त्यावरचा बैलगाडीवाला थांबला. मुंबईला कुठे कुठे गिरण्यांतल्या साच्यांवर उभ्या असलेल्या आमच्या पुरुषांची नावं त्या खिडकीतून एकामागून एक बाहेर येत होती.

जाऊ डोळे पुसून ऐकत राहिली. शेवटची बाई बाहेर आली तशी ती माझ्याकडे वळली.

"आता तुझ्याचं घे."

"माझ्याचं कशाला?" मी म्हटलं. "माझं मत पडलं की."

"त्याला तर आता काय व्हायाचं नाय. मग कोणाला भ्यायलीस?"

लामावर निघालेला तो, हातात पितळी तांब्या, वळून वळून बघत डोंगर उतरणारा, मला दिसला. मी चिंचेखाली उभी राहिले आणि नाव घेतलं. पहिल्यांदा हलकेच, मग मोठ्यानं.

ते नाव माझ्या तोंडून त्यानं कधी ऐकलं नव्हतं.