ठमीचा श्रावण

शेणवे गावात आमच्या घराच्या मागच्या पडवीत एका सकाळी राखेच्या घमेल्याला मुंग्या लागल्या होत्या. पावसात बाहेर जावं लागू नये म्हणून आमच्या मांजरीसाठी, ठमीसाठी, ते ठेवलेलं... तिच्या शू-शीच्या राखेत मुंग्यांना काय गोड लागत होतं कोण जाणे!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा लग्न होऊन नवीनच आलेले, आणि नको तिथं नाक खुपसायची मला जुनी खोड. घमेल्यापाशी उकिडवी बसून बघत होते, तर सासरे मागे येऊन उभे राहिले. त्यांना मधुमेह, रोज स्वतःच्या हातानं इन्सुलिन घ्यायचे. मुंग्यांकडे बघत म्हणाले, "अगो, हिला माजंच दुखणं दिसतंय."

मला हसू आलं. मांजराला कुठं डायबेटिस होतो? पण ठमी हल्ली पाणी फार पीत होती, वाळतही चालली होती... शिवाय खाल्लं की उलटी. शेवटी तिला पिशवीत घालून शहापूरला गुरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथं सगळ्या गाई-म्हशी, आणि त्यांच्यामध्ये माझी म्याँव करणारी पिशवी. डॉक्टर तरुण, माझ्याहून चौकस. मांजराचा डायबेटिस त्यांनी तोवर फक्त पुस्तकात पाहिला होता. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, मुंबईतल्या आपल्या सरांना फोन करून विचारलं, आणि मग सांगितलं की साखर तर आहेच, वर आतड्यांनाही सूज असावी.

आता बघा कसा पेच... आतड्यांच्या सुजेवर जे चांगलं औषध, त्यानंच साखर वाढते. साखर उतरवायला इन्सुलिन द्यावं, तर आधी पोटात अन्न हवं, नाहीतर साखर एकदम खाली जाऊन जीवावर बेतायचं. आणि आतडी सुजलेली, म्हणून अन्नच नको! एवढ्याशा पोटात एवढी गुंतागुंत असते याचं मला कितीतरी दिवस नवल वाटत होतं.

डॉक्टरांनी दोन्ही औषधं बेतानं सुरू केली आणि एकच नियम घालून दिला. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही, तर त्यांना विचारल्याशिवाय सुई द्यायची नाही.

मग आमच्याकडे रोज सकाळी दोन पेशंट. सासरे आधी स्वतःला टोचून घेत, मग ठमीसाठी ठेवलेली वेगळी सिरिंज काढत. पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बोंबील घरात होतेच. भाजून कुस्करले की वासानं ठमी उठायची, आणि ती वाटीत तोंड घालून असताना सासरे मानेचं कातडं चिमटीत धरून सुई देऊन मोकळे. तिला पत्ताही लागत नसे.

आषाढभर हे छान चाललं. ठमी जरा अंग धरू लागली, मुंग्याही कमी झाल्या... मी रोज घमेलं बघायचे ना!

आणि श्रावण लागला.

सासूबाईंचा श्रावण म्हणजे कडक. बोंबलांचा डबा माळ्यावर गेला, अंडंसुद्धा घरात यायचं नाही. ठमीला दूध-भात मिळू लागला. तो तिनं एक-दोन दिवस चाटला आणि मग वाटीकडे पाठच फिरवली. उलट्या सुरू झाल्या, मुंग्या परत आल्या.

ठमीनं पण श्रावण धरला, अशी घरात थट्टा चालली. मीही हसले... पण सकाळी सासरे तिची सिरिंज हातात घेऊन बसायचे, वाटीकडे बघायचे आणि सुई तशीच ठेवून द्यायचे. ही आता जाते की काय, असं आम्हा दोघांच्याही मनात होतं.

पुन्हा दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय बदललं? मी म्हटलं, श्रावण लागला... आणि बोलता बोलता माझं मलाच उमगलं. दूध पुष्कळ मोठ्या मांजरांना सोसत नाही, भातानं साखर चढते, हे डॉक्टरांनी समजावलं. आम्ही सगळे तर मांजर म्हटलं की दुधाची वाटी पुढे करणारे! आणि आजारी मांजर चवीपेक्षा वासावर खातं, म्हणाले.

पण श्रावणात सासूबाईंना बोंबील मागायचे कोणी? शेजारी नेऊन भरवावं, तर परक्या घरात ठमी पाणीही प्यायची नाही. घरी येऊन मी डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं, फक्त बोंबील हा शब्द गिळला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. कान मात्र माझ्याकडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती वासानं. मागे गोठ्याच्या आडोशाला तीन विटा मांडून, पदर नाकाला लावून, सासूबाई बोंबील भाजत होत्या. आणि ठमी... कालपर्यंत मान न उचलणारी ठमी, भिंतीच्या कडेनं हळूहळू चालत त्यांच्या पायाशी येऊन बसली होती.

मी नुसती बघत उभी. सासूबाई म्हणाल्या, "बगतेस काय गो? श्रावण माजा हाय, तिचा नाय. जा, त्यांना सुई काढायला सांग."

ठमीनं थांबत थांबत, पण वाटी चाटून पुसून संपवली. सासऱ्यांनी डॉक्टरांना फोन लावून विचारलं आणि मगच सुई दिली. सासूबाई पुन्हा आंघोळ करून देवापुढे बसल्या, आणि श्रावण सरेपर्यंत रोज असंच चाललं... स्वतः त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला नाही.

ठमी पुढेही काही वर्षं आमच्यात होती. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी सुकी मासळी भरताना सासूबाईंनी बोंबलांची एक पुडी वेगळी बांधली. कुणासाठी, म्हणून मी मुद्दाम विचारलं... तर म्हणाल्या, "श्रावणातली हाय ती."

व्रत कसं पाळावं, हे मला त्या पुडीनं शिकवलं. अजून श्रावण लागला की मी पहिला नमस्कार सासूबाईंना करते.