भिंतीवर पान्याची आकृती, पाना कपाटात

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. वार मंगळवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांपासून दहा चौतीसपर्यंत. जागा धुळ्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाचा तातडीचा कक्ष, दारापासून तिसरी खाट. वेळ अंदाजानं लिहीत नाहीये. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि आत्याच्या ओठांकडे मला बघवत नव्हतं, म्हणून मी काट्यांकडे बघत होते.

आत्या साक्रीकडची. आठवडे बाजारात नागली, उडीद आणि सुकी लाल मिरची विकायची. तिच्या दुकानाला छप्पर नव्हतं, पण शिस्त होती. उजव्या हाताला तराजू, डाव्या गुडघ्याखाली सुट्टे पैसे, मिरचीचं पोतं वाऱ्याच्या खालच्या बाजूला. गिऱ्हाईकाशी भांडता भांडता, मान न वळवता ती हवं ते माप उचलायची. लहानपणी एकदा मी पावशेर दुसरीकडे ठेवला, तर सगळ्या बाजारासमोर तिनं मला झाडलं होतं.

दमा तिला जुनाच होता. त्या दिवशी पहाटे जास्तच झाला म्हणून चुलतभावानं तिला जीपमधून धुळ्याला आणलं आणि वहिनी माहेरी गेलेली, गावी लहान पोरं एकटी होती म्हणून मला निरोप देऊन तो परतला. मी जळगावहून, पिंप्राळ्यातून, मिळेल ती एसटी पकडून पोचले. तोवर तिला ऑक्सिजन लावला होता. रंग बरा होता, जीभ तर फारच बरी होती.

"तू कसाले उनी? मी काय इतल्यामा मरत नही," ती मला म्हणाली.

दहा वीसला सिलिंडर संपला. दुसरा भरलेला सिलिंडर खाटेला टेकूनच उभा होता. तो उघडायला पाना लागतो. वीतभर लोखंडाचा, चौकोनी तोंडाचा पाना, बस. भिंतीवर एक पिवळा फळा होता. त्यावर काळ्या रंगात कात्रीची आकृती, टॉर्चची आकृती आणि पान्याची आकृती काढलेली होती. खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं: "प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक वस्तू जागेवर." आकृत्या होत्या. वस्तू एकही नव्हती.

"पाना कपाटात आहे," कक्षातली शिकाऊ नर्स म्हणाली.

"मग काढा!"

"कपाटाला कुलूप आहे. चावी मोठ्या सिस्टरकडे. सिस्टर मीटिंगला गेल्यात."

"कसली मीटिंग?"

तिनं फळ्याकडे बोट दाखवलं. "याचीच."

फाइव्ह एसची मीटिंग, म्हणजे वस्तू जागच्या जागी ठेवायच्या पद्धतीची. परवा तपासणीचं पथक यायचं होतं. मीटिंगमध्ये मोबाइल बाहेर टोपलीत ठेवायचे, हासुद्धा शिस्तीचाच भाग. नर्स पळत गेली, तर दारावरच्या माणसानं तिला आत सोडलं नाही. मी आत्याला धरून बसले होते. तिनं माझ्या मनगटात नखं रुतवली होती, मग हळूहळू ती सैल झाली.

शेवटी मी फाटकाकडे धावले. तिथं एक रिक्षा उभी होती. पांढऱ्या दाढीचे चाचा आत बसून पेपर वाचत होते.

"चाचा, पाना आहे का? सिलिंडरचा, ऑक्सिजनचा!"

त्यांनी एक शब्द विचारला नाही. सीट उचलली, डावीकडच्या रेक्झिनच्या पिशवीत हात घातला आणि न बघता पाना काढला. माझ्याबरोबर ते स्वतः पळत आले आणि त्यांनीच सिलिंडर उघडला. दहा चौतीस. मग त्यांनी फळ्यावरची ती काळी आकृती पाहिली आणि आपला पाना तिच्यावर धरून बघितला.

"नाप तो बराबर है," ते म्हणाले.

आत्या वाचली. डॉक्टर म्हणाले, मेंदूला प्राणवायू कमी पडला, किती परत येईल सांगता येत नाही. आता मी सांगते. परत फार काही आलं नाही.

आता माझ्याबद्दल. मी पत्रकं लिहिते. पाणी, रस्ता, रेशन, दवाखाना, जिथं लोकांची अडवणूक तिथं मी आणि माझी झेरॉक्स. पण त्याआधी एक वर्ष मी जळगावात एका चटई कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. तिथं हीच पद्धत होती आणि ती खरी होती. नको ते काढून टाका, हवं त्याला जागा द्या, ती जागा साफ ठेवा, सगळ्यांनी एकसारखं करा, आणि कुणी बघत नसतानाही करा. जमिनीवर पिवळे पट्टे, फळ्यावर आकृत्या. आकृती रिकामी दिसली की सुपरवायझर ओरडायचा, कारण रिकामी आकृती म्हणजे वस्तू हरवली ही बोंब. चटईचं मशीन पान्यावाचून थांबू नये, एवढ्यासाठी तिथं हे सगळं होतं. चटईसाठी! म्हणून धुळ्यातला फळा बघून माझं डोकं फिरलं. मला तो वाचता येत होता.

तिसऱ्या दिवशी माझं पत्रक निघालं. मथळा होता: "चावी खिशात, पेशंट मरणाच्या दारात." त्यात मी मोठ्या सिस्टरला सोलून काढलं. पत्रक रुग्णालयाच्या फाटकावर, बसस्थानकात, चहाच्या टपऱ्यांवर वाटलं. आठवड्यात सिस्टरची बदली झाली, धुण्याच्या कपड्यांच्या विभागात. मी त्या दिवशी पेढे वाटले होते. खरंच वाटले होते.

महिन्याभरानं आत्याला तपासणीला नेलं, तेव्हा त्या सिस्टर चादरींच्या गठ्ठ्यामागून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तूच ना ती पत्रकवाली?"

"मीच."

"पाना फळ्यावर मी लावला होता. पहिल्या दिवशीच, साखळीनं बांधून. साहेब आले, म्हणाले, ग्रीसचे डाग पडतात, नवा रंग खराब होतो. तपासणी होईपर्यंत सगळं कपाटात टाका आणि कुलूप लावा, काही गहाळ झालं तर सिस्टर तुमची जबाबदारी. लेखी आदेश आहे. दाखवू?"

त्यांनी तो दाखवला. साहेब म्हणजे रुग्णालयाचे प्रशासक. खाली त्यांची सही होती.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "कानात नको सांगूस. बदनामी छापलीस ना? मग माफीपण छाप." तर छापते आहे. सिस्टर, मी चूक केली. चावी तुमच्या खिशात होती, पण कुलूप तुमचं नव्हतं. मी आधी विचारायला हवं होतं.

तिथून मला खरा माणूस सापडला. आणि मी वाट बघितली.

तपासणीचं पथक येऊन गेलं होतं. त्यांच्या फोटोपुरत्या वस्तू फळ्यावर लागल्या आणि पथकाची गाडी फाटकाबाहेर पडली तशा परत कपाटात गेल्या. रुग्णालयाला शाबासकी मिळाली. मग साहेब गावोगाव भाषणं द्यायला लागले. जळगावात एका सभागृहात दवाखान्यांतल्या लोकांसाठी कार्यक्रम होता, विषय "वेळ वाचवणारं रुग्णालय". मी पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर तोच पिवळा फळा आला. फोटोत पाना लटकत होता, चकचकीत.

"आमच्याकडे कोणतीही वस्तू तीस सेकंदांत हातात येते," साहेब म्हणाले.

मी उभी राहिले. "सर, आत्ता फोन लावा तुमच्या तातडीच्या कक्षाला. स्पीकरवर. पाना आणायला सांगा. मी मोबाइलवर वेळ लावते."

"ताई, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत."

"माझ्या आत्याला शेवटी चालणार नव्हतं, सर."

अध्यक्षस्थानी एक वयस्कर डॉक्टर होते. ते माइककडे वाकले. "लावा ना साहेब. तीस सेकंदांचाच प्रश्न आहे."

साहेबांना लावावा लागला. चौथ्या रिंगला कुणीतरी उचलला. साहेबांनी घसा खाकरून सांगितलं, सिलिंडरचा पाना घ्या आणि हातात आला की बोला. पलीकडून आवाज आला, आणि तो त्या हॉलमधल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला:

"सर, कपाटाला कुलूप आहे. त्या पत्रकानंतर चावी तुम्हीच घेतली ना? तुमच्या केबिनच्या ड्रॉवरमध्ये आहे. केबिन पण लॉक आहे, सर."

म्हणजे माझ्या पत्रकानं सिस्टर गेल्या आणि चावी आणखी एका कुलपाआड गेली. पेशंट धुळ्यात, पाना धुळ्यात, केबिनची किल्ली जळगावच्या स्टेजवर साहेबांच्या कोटात. मागून कुणी नर्स मोठ्यानं हसली. मग सगळ्याच हसल्या. साहेबांच्या कपाळावरचा घाम मी निवांत बघितला. मोबाइल बंद केला नाही. सेकंद पळत होते, ते मी पळू दिले, आणि चौदा मिनिटं पूर्ण होईपर्यंत मोबाइल वर धरून तिथंच उभी राहिले. कार्यक्रम पुढे सरकेना. मला आनंद झाला. लपवत नाही. आजही आठवलं की होतो.

दुसऱ्या दिवशी पाना साखळीनं फळ्यावर लागला. आहे अजून, मी जाऊन बघते. ग्रीसचा डाग पडलाय रंगावर. साहेबांची भाषणं थांबली, नोकरी मात्र थांबली नाही, त्यामुळे माझं त्यांच्याशी अजून संपलेलं नाही. सिस्टरही अजून चादरीच मोजतायत.

गेल्या महिन्यात साक्रीला गेले होते. बाजाराच्या दिवशी वहिनी आत्याला सोबत नेते, पोत्यांमागे बसवते. तराजू तिच्या उजव्या हाताला, नेहमीच्या जागी ठेवते. आत्या त्याच्याकडे बघते, माझ्याकडे बघते आणि विचारते, "पोरी, मना तराजू कोठे शे?"

मी तो तिच्या हातात देते. ती पुन्हा विचारते.

तुम्ही हे वाचताय ते अमळनेरला असाल, चोपड्याला असाल, शिरपूरला असाल. उद्या सकाळी तुमच्या गावच्या दवाखान्यात जा. ऑक्सिजनच्या सिलिंडरशेजारी उभे राहा आणि विचारा, पाना कुठाय? तो तुमच्या डोळ्यांना दिसला पाहिजे, हाताला लागला पाहिजे. "कपाटात आहे" म्हणाले, तर नर्सवर ओरडू नका, मी केली ती चूक करू नका. कुलपाचा आदेश कुणी काढला ते विचारा, त्याच्या केबिनमध्ये जा, आणि पाना भिंतीवर लागेपर्यंत त्याच्या समोरच्या खुर्चीतून उठू नका.