सासूबाईंची किडनी

वडिवळ्यात माझ्या सासूबाईंच्या, सरुबाईंच्या, तोंडाला लागायची कुणाची टाप नाही. पण एक नवल आहे. एवढी तापट बाई, तरी त्यांनी हात कधी कुणावर उचलला नाही. माझ्या लेकीनं, सृष्टीनं, दुधाचं पातेलं पालथं घातलं तरी नुसता शिव्यांचा भडिमार.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा सगळ्यांच्या आधी त्याच पुढं आल्या. "माजी घ्या. अजून भात लावतीया मी, किडनी काय म्हातारी झालीया व्हय?" रक्तगट जुळला. मी मनातून हरखले, खोटं कशाला बोलू?

पण त्यांच्या लघवीत रक्ताचा अंश निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "माहेरी लहानपणी कुणाला ऐकू कमी यायला लागलं होतं का?"

सासूबाई म्हणाल्या, "धाकटा भाऊ, हनुमंत. बहिरा झालता. तिशीत अंग सुजून गेला. पर कानाचं दुखन्यानं न्हवतं."

मग जनुकांची तपासणी झाली. महिन्याभरानं डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. हनुमंतमामांचे कान आणि किडन्या एकाच दोषानं गेल्या होत्या. आईकडून आलेला तो दोष सासूबाईंमध्येही होता. त्यांची किडनी मला बसवली तर दोषासकट येणार, फार टिकायची नाही. शिवाय उरलेल्या एकीवर त्यांचं तरी निभेल याचा भरवसा नाही.

हाताशी आलेली किडनी गेली. सासूबाई मात्र भलतंच विचारत होत्या.

"म्हंजी त्याच्यात जल्मापासनंच व्हतं? थपडीनं न्हाई?"

"कसली थप्पड, मावशी?"

"मी नऊ वर्सांची, त्यो सात. ऐकंना म्हनून कानाखाली वाजवली. मागनं त्याला ऐकू येईना झालं. आय मरस्तवर म्हनायची, तूच त्याला बहिरा केलास."

"थपडीनं नाही झालं, मावशी. अजिबात नाही."

सासूबाई तिथंच ढसाढसा रडल्या. मग माझ्याकडं वळल्या. "पर सारिके, तुला द्यायचं ऱ्हाऊन गेलं गं."

आता माझं नाव प्रतीक्षा यादीत आहे. तळेगावला डायलिसिसला त्याच बरोबर येतात. परवा परतताना घसा सुकला आणि मी बाटलीभर पाणी गटागटा प्यायले. आम्हा पेशंटांना पाणी बेतानंच प्यावं लागतं. तेवढ्यात पाठीत एक धपाटा बसला.

"डाक्टरीननं काय सांगितलंय? मरायचंय व्हय?"

जवळपास पन्नास वर्षांनी तो हात उठला होता. पाठ चुरचुरत होती आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता सोय नाही.