फिनेल मावशी आणि न पुसलेली भिंत

फिनेल मावशींचं खरं नाव इस्पितळाच्या पगारपत्रकाला माहीत असेल. बाकी कुणाचं त्यावाचून अडलं नाही. इस्पितळात त्या साफसफाईला होत्या, आणि त्यांनी पुसलेल्या फरशीवर पाय ठेवण्याआधी भलेभले डॉक्टर दारात थबकून बूट झटकायचे. दिवसभर दुसऱ्यांची घाण काढून माणूस घरी आला की जरा टेकतो. मावशी घरी आल्या की बाह्या सरसावून स्वतःचं घर घासायला घ्यायच्या. नवरा गेला तेव्हा लोक भेटायला येणार म्हणून त्यांनी आधी खिडक्यांची तावदानं पुसली आणि मग रडायला बसल्या, असं त्यांची लेक सांगते. ती थट्टा करते की तक्रार, हे कळत नाही.

लेक पोस्टात काउंटरवर बसायची. जावई बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ पाण्यात. म्हणून लेक आणि चार वर्षांची नात मावशींकडेच राहायच्या, भाड्याच्या दोन खोल्यांत. वरच्या मजल्यावर घरमालक. त्यांचं छत्र्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना छत्रीवाले म्हणत. साऱ्या गावाला कोरडं ठेवणाऱ्या या गृहस्थांचं न्हाणीघर मावशींच्या आतल्या खोलीच्या बरोबर डोक्यावर होतं.

नातीच्या पलंगामागच्या भिंतीवर आधी तळहाताएवढा डाग आला. मग तो हिरवा झाला, मग काळा, मग पोपडे सुटले आणि खोलीत भिजलेल्या पोत्यासारखा वास भरून राहिला. नातीला खोकला लागला. मावशींच्या इस्पितळातले मुलांचे डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण भिंत सुकल्याशिवाय पोरीची छाती मोकळी व्हायची नाही. नाहीतर तिला दुसरीकडे झोपवा." दुसरीकडे म्हणजे लेकीच्या सासरी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ही पोर म्हणजे त्यांचा जीव की प्राण होती.

मावशींनी छत्रीवाल्यांना खाली बोलावलं. त्यांनी दारातूनच भिंत पाहिली. जवळ गेले असते तर कदाचित ओळखीचं पाणी निघालं असतं.

"मावशी, ही घराची बुरशी नाही, राहणीची आहे," ते म्हणाले. "तुम्ही अंघोळीला गरम पाणी घेता ना? वाफ! भात शिजवता? वाफ! कपडे आत वाळत घालता. शिवाय तिघी जणी रात्रभर श्वास घेता."

"मग काय करू भाऊ?"

"खिडकी उघडी ठेवा."

"खिडकीला लागून तुमच्या गोदामाची भिंत आहे."

"मग थोडीच उघडी ठेवा. आणि जरा स्वच्छता पाळत जा."

श्वास घेतल्याचा आरोप मावशींनी मान खाली घालून ऐकला होता. स्वच्छतेचं ऐकल्यावर मात्र त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. उभ्या आयुष्यात हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

पुढे छत्रीवाल्यांना दया आली आणि त्यांनी रंगारी धाडला. रंगाऱ्यानं बुरशीवरूनच फिकट गुलाबी रंग फासला. बुरशीनं सभ्यपणे रंग वाळू दिला आणि आठवड्याभरात गुलाबीतून डोकं वर काढलं. छत्रीवाले म्हणाले, "बघा, एवढा चांगला रंग लावून दिला, तोही तुम्हाला टिकवता आला नाही."

आता लेकीनं हे प्रकरण हातात घेतलं. भाडेकरूला काय काय करता येतं याची तिनं चौकशी केली आणि रात्री जेवताना आईला सांगितलं. भाडं अडवून धरता येतं. मग मालक सामान रस्त्यावर आणतो आणि आपण कोर्टात चपला झिजवायच्या. स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण दुरुस्ती करायची त्यांच्या न्हाणीघराची, ती काय आपण शिडी लावून करायची? घर सोडता येतं, त्याला कुणाची ना नाही. सोडून जायचं कुठे, एवढंच काय ते आपलं आपण बघायचं. राहता राहिली नगरपालिका. आरोग्य निरीक्षक येऊन भिंत बघतो, आणि त्यानं ओल वरून येते असं ठरवलं तर मालकाला दुरुस्ती करावीच लागते.

लेकीनं तक्रार दिली. निरीक्षक यायचा दिवस ठरला. कामावर जाताना ती बजावून गेली, "आई, मी साहेब येईपर्यंत पोहोचतेच. तू भिंतीला हात लावायचा नाही."

"मी कशाला लावतेय?" मावशी म्हणाल्या, आणि त्या वेळी त्यांना ते खरंच वाटत होतं.

पण लेक गेली आणि मावशींना राहवेना. सरकारी माणूस घरात येणार. कधी नव्हे तो येणार, आणि बघणार काय, तर ही काळी भिंत. त्यांनी ठरवलं, नुसता दाराकडचा कोपरा पुसू. कोपरा पुसला तर बाकीची भिंत फारच कळकट दिसायला लागली. मग स्टूल आलं, घासणी आली, इस्पितळातलं जालीम औषध आलं. निरीक्षकानं दार वाजवलं तेव्हा भिंत नव्या ताटासारखी लख्ख होती.

निरीक्षकानं भिंतीला बोट लावलं. "ओली आहे की हो."

"आत्ताच धुतलीय साहेब," मावशी अभिमानानं म्हणाल्या.

धापा टाकत आलेली लेक दारात पोहोचली, ती नेमकी या वाक्याला. ओल वरून येते म्हणून ती सांगत राहिली. निरीक्षक चहा पिऊन, कपाकडे कौतुकानं बघत म्हणाला, "बाई, इतकं स्वच्छ घर मी या भागात पाहिलं नाही. उगाच तक्रार करता." तक्रारीत तथ्य नाही असा शेरा मारून तो निघून गेला. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, मावशींना घटकाभर फार बरं वाटलं.

लेकीनं आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. तिनं मुकाट्यानं पोरीचे कपडे पिशवीत भरले. "भिंत सुकेपर्यंत ही माझ्या सासरी राहील," ती म्हणाली. "मीही तिथूनच कामावर जाईन. तुला घर स्वच्छ हवं होतं ना?" जाताना तिनं बादली, घासण्या, फिनेल, सगळं उचलून नेलं.

नवी तक्रार गेली. तथ्य नसलेल्या तक्रारीमागून आलेली, त्यामुळे निरीक्षकाची वाट बघण्यात दीड महिना गेला. तेवढ्या दिवसांत भिंतीनं मनावर घेतलं. काळं छपरापासून पलंगापर्यंत उतरलं, आणि मावशी समोर हात बांधून बसून राहिल्या. उरलेलं घर त्या जुन्या कपड्यानं पुसायच्या, भिंतीजवळ आल्या की कपडा खाली ठेवायच्या. त्यांची सगळी रग इस्पितळावर निघाली. बेशुद्ध पेशंटलाही त्या "पाय वर घ्या" म्हणाल्या, असं एक नर्स शपथेवर सांगते.

एके दिवशी छत्रीवाले एका नव्या जोडप्याला खोल्या दाखवायला घेऊन आले. मावशी आज ना उद्या कंटाळून जातील असा त्यांचा हिशेब होता. "बघा, काही लोक कसे राहतात," ते हळू आवाजात म्हणाले, पण मावशींना ऐकू जाईल इतपतच हळू. त्या नवऱ्या मुलीनं नाकाला रुमाल लावला. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारणीकडून घासणी आणली असती तर थोड्या वेळात गेलेली अब्रू परत आली असती. पण पोर आली नसती. त्या जागच्या हलल्या नाहीत.

शेवटी निरीक्षक आला, तो मागच्याच वेळचा होता. लेकही आली, छत्रीवालेही आले, आणि काय चाललंय ते बघायला जिन्यात शेजारपाजार जमला. निरीक्षक भिंत बघून चक्रावला. "बाई, मागच्या वेळी तर हे काही नव्हतं!"

छत्रीवाल्यांना तेवढंच हवं होतं. "साहेब, दीड महिन्यात घराची काय दशा केली ती बघा. बाईंना आता कामं झेपत नाहीत. साफच करत नाहीत. विचारा त्यांना."

"खरं आहे का हो?" निरीक्षकानं विचारलं.

सगळे मावशींच्या तोंडाकडे बघत होते. त्या जे म्हणाल्या ते त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं आणि पुढे कधी ऐकणारही नव्हतं.

"खरं आहे," मावशी म्हणाल्या. आवाज कापत होता, पण जिन्यापर्यंत पोहोचला. "लिहा साहेब. दीड महिना मी या भिंतीला हात लावला नाही. मागच्या वेळी तुम्ही यायच्या आधी मी घासून काढली होती, लाज वाटली म्हणून. ती माझी चूक झाली. आता माझी घाण असेल तर मला घराबाहेर काढा. नाहीतर वर जाऊन यांच्या न्हाणीत एक बादली पाणी ओता."

छत्रीवाल्यांना तेवढ्यात आठवलं की वरची किल्ली दुकानात राहिली आहे. निरीक्षक म्हणाला, "मी थांबतो." मग किल्ली खिशातच सापडली. वर पाणी ओतलं, आणि थोड्याच वेळात खाली भिंतीवरून ओघळ सुटला. निरीक्षकानं छत्रीवाल्यांना विचारलं, "ही कुणाची वाफ?" पण त्यांचं लक्ष तेव्हा छपराकडे होतं.

न्हाणीघर फोडलं, कुजलेला पाइप बदलला, भिंतीचा गिलावा खरवडून नवा केला. हे सगळं नोटिशीच्या धाकानं झालं, तरी छत्रीवाले आजही सांगतात की भाडेकरूंसाठी आपण न्हाणीघर फोडून घेतलं. जिन्यातल्या दोघीतिघी अजून मावशींच्या घरी चहा घेताना कप आतून बघून घेतात. मावशींना ते दिसतं.

भिंत सुकल्यावर लेक पोरीला घेऊन आली. तिनं आधी भिंतीला तळहात लावला, मग गाल लावला, वास घेतला. मावशी दाराशी उभ्या राहून श्वास रोखून बघत होत्या. लेकीनं खांद्यावरची कपड्यांची पिशवी खाली ठेवली आणि पोर पळत जाऊन पलंगावर चढली. मावशी बाहेरच्या खोलीत गेल्या आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या.