खव्याच्या सासूबाई

माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळीच माझ्या सासूबाई लालबुंद झाल्या. खऱ्या नव्हे, खव्याच्या. (खऱ्या अजून यायच्या होत्या!)

पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. मी कळसची, सासर पणदऱ्याचं. मला पाहायला फक्त सासरे आणि दीर आले होते. सासूबाईंची नि माझी पहिली भेट रुखवतापाशीच व्हायची होती, म्हणजे माझ्या हातच्या कामापाशी! त्यात आत्याने आधीच माझ्या मनात भरवून ठेवलं होतं, "पोरी, सासू लई कडक हाय बरं. थोरल्या सुनेची भाकरी तिनं भर पंगतीत माघारी धाडली."

मी घाबरले, आणि घाबरलेलं माणूस नको ते धाडस करतं. लाडू-करंज्या सगळ्याच मांडतात, आपण रुखवतात साक्षात सासूबाईच मांडायच्या, असं मी ठरवलं. घरच्या म्हशींच्या दुधाचा खवा घेतला, त्यात पिठीसाखर घालून मेणासारखा मऊ गोळा मळला आणि हातभर बाई घडवली. रंगाच्या बाटल्या तेव्हा आमच्याकडे कुठल्या! लुगड्याला पालकाचा रस, केसांना काकवी, आणि तोंडाला हळद, कारण आत्याच म्हणाली होती, "तुजी सासू पिवळीधमक गोरी हाय."

राहिला गजरा. खवा कितीही चांगला असला तरी मोगऱ्याइतका पांढरा कुठून होणार? मग मी आत्याच्या पानाच्या डबीतला चुना घेतला (खायचाच तर होता!), खव्यात कालवला आणि झकास गजरा वळून बाईच्या डोक्याभोवती बसवला. आई नि आत्या बघतच राहिल्या. "काय गुनाची पोर हाय!" म्हणत आत्याने डोळे पुसले. बाई सुकू नये म्हणून तिच्यावर ओलं फडकं टाकून आम्ही निश्चिंत झालो.

सकाळी फडकं उचललं आणि आई किंचाळली, "अगं बया! हिच्या अंगात आलंय का काय?"

कपाळ तांबडं, कान तांबडे, गालांवरून तांबडे ओघळ थेट हातांपर्यंत! हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग होतो. आम्ही तिघी रोज कपाळाला कुंकू लावत होतो, पण एकीलाही ते आठवलं नव्हतं.

"लिंबू आना!" आत्या ओरडली. "चुन्याला लिंबूच मारतंय."

लिंबू पिळलं. थेंब पडला तिथे पिवळं झालं, बाकी तांबडंच राहिलं.

"आता हिला गोवर निघाला," आई कपाळावर हात मारत म्हणाली.

मी घाईघाईने गाल पुसायला गेले, तर नथीसकट नाक हातात आलं! ते परत बसवलं, तर वाकडं बसलं. म्हणजे आधी संतापलेली, मग गोवर निघालेली, आणि आता वरून नाक मुरडणारी! "लपीव ती, लपीव!" असं आई म्हणेपर्यंत वऱ्हाडाची वाजंत्री दारात आली.

सासूबाई खरोखरच पिवळ्याधमक गोऱ्या होत्या. लाडवांवरून नजर फिरवत त्या आल्या आणि नेमक्या बाईपुढे थांबल्या.

"ही कोन म्हनायची?"

"ही व्हय?" आत्या चटकन म्हणाली. "ही आमच्या गावची हाय एक."

पण माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमी हाय."

आता लग्न मोडतंय, असंच मला वाटलं.

"मग तांबडी का केलीस मला?"

"तोंडाला हळद लावली... अन् गजरा पांढरा व्हावा म्हून चुना." मी रडायच्या बेतात होते.

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग बाईचा हात मोडला आणि सरळ तोंडात टाकला. पालक, चुना आणि लिंबू! त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण घास त्यांनी गिळला.

"चव बरी हाय," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्या एका खोटेपणावर मी त्यांच्याबरोबर पस्तीस वर्षं काढली. माझ्या भाकरी माघारी आल्या, कालवणं माघारी आली. पण आल्यागेल्याला त्या बाईची गोष्ट सांगताना "चव मातुर बरी व्हती" हे सांगायला त्या कधी चुकल्या नाहीत. आज त्यांची फार आठवण येते.

माझ्या पंच्याहत्तरीला सुनेने घरीच केक केला. चॉकलेटचा गोळा मळून, रंगवून वर माझी बाहुली बसवली. नथ, हिरवं लुगडं, सगळं कसं हुबेहूब. तोंड मात्र लालभडक!

"हे गं काय? हळदीला चुना लागला का?" मी विचारलं.

"न्हाय आई, रंग बराबर हाय," सून शांतपणे म्हणाली. "कालवण माघारी धाडता तवा तुमी अशाच दिसता."

"मी? मी कवा गं..." म्हणत मी उसळले, तर घरातले सगळे एकदा बाहुलीकडे नि एकदा माझ्याकडे बघून खो खो हसायला लागले.

मी मुकाट्याने बाहुलीचा हात मोडून तोंडात टाकला आणि "चव बरी हाय" म्हणाले. (साखर जरा कमीच होती, पण त्या तोंडाने सांगणार कसं!)