सकाळी उपदेश, दुपारी गोळी

गोंदियाच्या तुरुंगातल्या बायकांची अफू सोडवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि फुकट मिळत होते. इंग्रजांचा अंमल होता. गावातल्या प्रतिष्ठितांनी सुधारणा मंडळ काढलं होतं. त्याच्या अध्यक्षांचा बिड्यांचा कारखाना होता आणि सरकारमान्य अफूच्या दुकानाचा ठेकाही त्यांच्याचकडे होता. सगळी कामं ते सारख्याच निष्ठेने करत.

सकाळी मी तुरुंगात उपदेश करायचा, मग शिपायाच्या पहाऱ्यात बायकांनी अध्यक्षांच्या कारखान्यात बिड्या वळायला जायचं, अशी योजना होती. श्रमाने माणूस सुधारतो, असं अध्यक्ष म्हणत. बिड्या कुणाच्या गोदामात जातात, ते मात्र बोलत नसत.

माझं बोलणं ऐकताना जांभया न देणारी एकच बाई होती. नवेगावकडची, अफू चोरली म्हणून आत आलेली. तिची लहान मुलगी नणंदेकडे होती. अफू सुटली तरच पोरगी परत देईन, असं नणंदेने बजावलं होतं.

एके दिवशी ती म्हणाली, "बाई, मले कामाले नोका पाठवू. आतच कोंडून ठेवा."

"का गं?"

"दुपारी हात चालेना का कारखान्याचा मुनीम अफूची गोळी देते. तुमी सकाळी सोडवून राहिल्या, थो दुपारी लावून राहिला."

मी मंडळात विषय काढला. अध्यक्ष हसून म्हणाले, "बाईजी, औरत कामचोर है." तिला उपदेश कमी पडतोय, यावर सगळ्यांचं एकमत झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिथे माझ्या अंगाला विचारतो कोण!

मग तिने आपला उपाय आपणच केला. तंबाखूने भरलेलं सूप मुनिमाच्या डोक्यावर पालथं घातलं. शिक्षा म्हणून बाहेरचं काम बंद झालं आणि कोठडी मिळाली. तिथे ती ओकली, तडफडली, अंग ठणकतं म्हणून भिंतीला पाठ घासत राहिली, आणि अफूतून सुटली. मंडळाने मात्र ती माझ्या उपदेशाने सुधारली असं जाहीर केलं आणि साडी-चोळी देऊन माझा सत्कार केला.

सुटकेच्या दिवशी अध्यक्ष हार घेऊन फाटकाशी हजर होते. नणंद रेल्वेने आली होती, मुलगी तिच्या खांद्यावर झोपलेली. नणंदेने भावजयीचे डोळे निरखले, तोंड हुंगलं आणि मुलगी तिच्या हातात दिली.

तिने पोरीला हाक मारली, गाल थोपटले. पोरीची मान नुसती लोंबत राहिली.

"घाबरू नोको व," नणंद म्हणाली. "गाडीत लय रडत होती, म्हनून जराशी अफू चाटवली. सारेच देतेत लेकरायले."

तो हार अध्यक्षांच्याच गळ्यात घालून आवळावा, असं मला वाटलं. त्यांचं भाषण सुरू झालं होतं. ती फाटकाशीच खाली बसली आणि शिपायाच्या तांब्यातलं पाणी पोरीच्या तोंडावर मारत राहिली.