फुटबॉलची माफ झालेली फी

आधीच सांगून टाकतो, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. ऑफसाईड म्हणजे काय ते तीन जणांनी समजावलं, तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि मी तिन्ही वेळा मान डोलावली. मी काळी-पिवळी जीप चालवतो. बीड-पाटोदा, पाटोदा-बीड, सीट भरली की निघायचं. अशा माणसाची पोरगी फुटबॉलच्या क्लबात कशी काय गेली, असं विचाराल तर त्याचं उत्तर लई सोपं आहे. बाप स्वतःला शहाणा समजत होता म्हणून.

पोरगी सहावीत असताना आमच्या बीडात अकॅडमी उघडली. अकॅडमी म्हणजे एका शाळेचं भाड्यानं घेतलेलं मैदान, नारंगी प्लास्टिकचे आठ शंकू, एक शिट्टी आणि एक कोच. बोर्ड मात्र असा लावलता की रस्त्यावरची माणसं गाडी हळू करून बघायची. त्यावर परदेशातल्या कुठल्यातरी मैदानाचा फोटो, गवत हिरवंगार. आमच्या मैदानावर सराट्याचे काटे होते. पोरगी शाळेतून येता-जाता त्या बोर्डापाशी थांबायची. महिनाभर तिनं माझं डोकं खाल्लं, शेवटी एका सकाळी तिला घेऊन गेलो.

फी ऐकून मी कोचला विचारलं, "सर, ही वर्षाची का?" सर हसले. महिन्याची होती. बूट वेगळे, ड्रेस वेगळा, गावोगावच्या मॅचला जायचा-यायचा खर्च वेगळा. मी पोरीचा हात धरला आणि वळलो, तर मागून कोचचा आवाज आला, "बाहेर उभी आहे ती जीप तुमची का हो?"

"हो."

"किती बसतात?"

"कागदावर दहा. बाकी देवाची कृपा."

मग कोचनं पोरीला एक बॉल दिला आणि म्हणला, मार. तिनं मारला. बॉल भिंतीवरून शेजारच्याच्या अंगणात गेला. कोचनं पोरीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि म्हणला, "पोरीत पोटेन्शियल आहे. फी राहू द्या. टॅलेंटला आम्ही फी लावत नाही. फक्त मॅच असली की गाडीचं तेवढं बघा."

आता हे वाचतानाच तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या ध्यानात यायला वर्ष लागलं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, पोरीला स्कॉलरशिप भेटली. स्टँडवर जाऊन सगळ्या ड्रायव्हरांना चहा पाजला. एक जण म्हणला, "मुलींचा फुटबॉल बी असतो का बे?" त्याला मी अर्धा तास लेक्चर दिलं. एवढं खोटं खोटं ज्ञान मी कुठून आणलं देव जाणे.

मॅचेस असायच्या रविवारी. रविवार, आणि त्यातही लग्नसराईतला, म्हणजे जीपवाल्याची दिवाळी. वऱ्हाड न्यायचं, वऱ्हाड आणायचं, वर जेवण. मी वऱ्हाडाच्या सुपाऱ्या परत करायला लागलो. माझ्या गाडीत आता चौदा पोरी, दोन पिशव्या बॉल आणि पुढच्या सीटवर कोच. धारूरच्या घाटात गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत चढायची आणि कोच मोबाईलवर परदेशातल्या मॅचेस बघायचा. डिझेल माझं. मी खुशीत होतो.

मैदानाच्या कडेला आम्ही आईबाप बसायचो. तिथली खरी मॅच आमच्यात असायची. दातांच्या डॉक्टरनं सगळ्या टीमला ड्रेस घेऊन दिलते, पाठीवर दवाखान्याचं नाव. म्हणून डॉक्टरची पोरगी कॅप्टन. गोलला जाळी नव्हती, ती वकीलसाहेबांनी लावली. म्हणून पेनल्टी मारायची वकीलसाहेबांच्या पोरीनं. खताच्या दुकानदाराकडून दर मॅचला केळी आणि उकडलेली अंडी यायची, तर त्याची पोरगी मैदानात कुठं उभी राहायची ते तिलाही माहीत नव्हतं, पण उभी राहायची. मी घरी येऊन बायकोला नकला करून दाखवायचो. "केळ्याच्या एका फणीवर सेंटर हाफ!" सेंटर हाफ म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, शब्द तेवढा उचललेला. आम्ही दोघं पोट धरून हसायचो. मनातून वाटायचं, आपली पोरगी तरी गुणांवर गेली, आपण कुणाला केळं दिलं नाही.

आणि ती गुणांवर गेलेली पोरगी काय करायची? बसायची. चौदा नंबरचा ड्रेस घालून बाकड्यावर. मॅचच्या दिवशी पहाटे पाचला उठून, वेणी घट्ट घालून, नडगीला पॅड बांधून तयार. कोचनं नुसती मान मागं वळवली तरी ती उभी राहायची. कोच पाण्याची बाटली मागायचा. ती बाटली द्यायची आणि परत बसायची, पण बुटाच्या नाड्या ढिल्या करायची नाही, शेवटची शिट्टी होईपर्यंत. मी कोचला एकदा विचारलं तर म्हणला, "तिला घडवतोय." वर्षभरात ती अकरा मिनिटं खेळली. बाकी सगळा वेळ घडत होती.

मग एका गुरुवारी पाटोद्याहून येताना गिअरबॉक्स बसला. मिस्त्रीनं गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणला, "आठ दिन तो लगते, भाई." रविवारी गेवराईला मॅच होती. कोचला फोन केला.

"अरेरे," कोच म्हणला. "मग असं करा, पोरीलाही या वेळी आराम द्या. दुसऱ्या गाडीत जागा नाही."

मला वाटलं, असेल लहान गाडी. पोरीला सांगितलं. भरून ठेवलेली पिशवी तिनं रिकामी केली आणि डबा आईकडं दिला. रविवारी दुपारी पालकांच्या ग्रुपवर फोटो आला. चौदा पोरी, आणि मागं गाडी. गाडी माझ्या गाडीएवढीच होती, कारण ती माझ्याच स्टँडवरची होती. आणि चौदा नंबरच्या ड्रेसमध्ये एक पोरगी, जिला मी ओळखत होतो. त्या गाडीवाल्याची भाची. ड्रेस कोचकडंच राहायचे, कुणालाही घालता यायचे.

मी तिथंच त्याला फोन लावला. "तुझी भाची कधीपासून फुटबॉल खेळती बे?"

"मला काय म्हाईत बे," तो म्हणला. "कोच म्हणला, पोरीत पोटेन्शियल हाय."

खरं सांगतो, त्या वेळी रागापेक्षा लाज जास्त वाटली. वर्षभर मी डॉक्टरला हसलो, वकिलाला हसलो, केळीवाल्याला हसलो. ते निदान काय देतात ते त्यांना माहीत होतं. मी तर अख्खी जीप देऊन बसलतो आणि त्याला स्कॉलरशिप म्हणत होतो. स्टँडवर चहा पाजला होता मी, चहा!

गाडी दुरुस्त झाली त्याच दिवशी कोचचा फोन. कसं कळलं काय की. अंबाजोगाईला दोन दिवसांची स्पर्धा, मुक्काम, गाडी लागेल, आणि हो, पोरीलाही आणा. माझ्या तोंडात जे आलतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी सुरुवात करणार, तेवढ्यात समोर अभ्यासाला बसलेली पोरगी हळूच म्हणली, "हो म्हणा."

मी फोनवर हात ठेवला. "कावून?"

"दोन दिवस गाडी लागतीय त्यांना. बदल्यात मला खेळायला पूर्ण हाफ मागा, अर्धी मॅच."

तेरा वर्षांची पोरगी. वहीतून डोकंसुद्धा वर केलं नाही. मला जे वर्षभर कळलं नाही ते तिला कधीपासून कळत होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. क्लबानं आपल्या लेकराला काय शिकवलं असं आईबाप विचारतात ना, टीमवर्क, शिस्त वगैरे, ते तिथं बोर्डावर लिहिलेलंच आहे. माझ्या लेकीला भाव करायला शिकवलं. आणि तरी, बघा कसा माणूस आहे मी, फोनवरचा हात काढला आणि मागितला. पूर्ण हाफ.

"हाफ ना? देऊ की!" कोच म्हणला. इतक्या पटकन म्हणला की मला वाटलं, कमीच मागितलं.

अंबाजोगाईला पोरगी दुसऱ्या हाफला उतरली. मी कडेला उभा, बसवेना. ती पळत होती. बॉल डावीकडं गेला की डावीकडं, उजवीकडं गेला की उजवीकडं, आणि हात वर करून ओरडत होती, "इकडं! इकडं!" कॅप्टननं तिच्याकडं बघितलं आणि बॉल दुसरीला दिला. मग दुसरीनंही तसंच केलं. पूर्ण हाफभर तिला कुणी एकही पास दिला नाही. एकदा बॉल चुकून तिच्याकडं आला, तिनं मारला, तो बाहेर गेला. पोरींना मी बोल लावत नाही. त्यांना जिंकायचं होतं आणि माझ्या पोरीला खेळता येत नव्हतं. बाकड्यावर बसून कुणाला येतं?

परत येताना मागं सगळ्या पोरी गाणी म्हणत होत्या. कोच मागं झोपला होता, म्हणून पुढच्या सीटवर माझी पोरगी. मग म्हणली, "पप्पा, हाफ तर भेटला. पण पास कावून न्हाई दिला कुणी?"

मी गिअर बदलला.

"आता त्या सगळ्यांच्या घरी जाऊन इचारायचं का, कुणाला गाडी लागती का म्हणून?"

ती टोमणा मारत नव्हती हो. तेच तर. ती खरंच विचारत होती. मला तिथंच गाडी बाजूला घेऊन रडावं वाटलं, पण मागं तेरा पोरी होत्या आणि रस्त्याला ट्रकांची रांग, म्हणून चालवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी विचारलं, "सोडायचं का मग हे?"

"न्हाई."

"मग काय करायचं?"

"तुमी माझी फी भरा. आन् गाडीचं भाडं घ्या. दोन्ही येगळं ठेवा."

मी कोचकडं जाऊन तसंच सांगितलं. कोचचं तोंड बघण्यासारखं झालं. गाडीचं भाडं, डिझेल धरून. पोरीची फी, पावती घेऊन. आता महिन्याच्या शेवटी तो मला भाड्याचे पैसे देतो आणि मी तिथंच उभ्या उभ्या त्याला फी देतो. नोटा त्याच, वर माझ्याच खिशातल्या दोन-चार जास्त. बायकोला सांगितलं तर ती हसून हसून बेजार. "मग फरक काय पडला म्हणते मी? कालपर्यंत पोरगी फुकटात बाकड्यावर बसत होती, आता पैसे भरून बसतीय!"

बरोबर होतं तिचं. तरी एक फरक पडला. फी भरल्यावर कोचच्या तोंडून 'पोटेन्शियल' गेलं. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला बाजूला घेतलं आणि वर्षभरात पहिल्यांदा खरं बोलला. "तुमच्या मुलीचा डावा पाय अगदीच कच्चा आहे. पळते चांगली, पण बॉल कुठं येणार ते बघत नाही." मला एवढा आनंद झाला की मी त्याचे आभार मानले. कच्चा आहे म्हणाला, म्हणजे निदान त्यानं बघितला होता.

तेव्हापासून ती रोज शाळेतून आली की गल्लीच्या भिंतीवर डाव्या पायानं बॉल मारते. शेजारी दोनदा भांडायला येऊन गेले. मॅचच्या दिवशी त्या गाडीवाल्याची भाची आणि ती, दोघी बाकड्यावर शेजारी शेजारी बसतात, आणि मला वाटतं भाचीचं पण कुणीतरी बघायला पाहिजे. स्टँडवर लोक विचारतात, काय मग, परवडतं का फुटबॉल? मी म्हणतो, न्हाई परवडत, अजिबात न्हाई. ज्याला हिशेब करायचा त्यानं पोरीला दोरीवरच्या उड्या शिकवाव्यात.

गेल्या रविवारी पाच मिनिटं राहिली असताना कोचनं मागं बघितलं. पोरगी उठली आणि सवयीनं पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं बाटली बाजूला सारली आणि मैदानाकडं बोट दाखवलं. ती उतरली. दोन पास आले, एक तिनं घालवला, दुसरा डाव्या पायानं नीट पुढं दिला. मी कुणाला काही मागितलं नव्हतं.